लेकींचे खांब

अक्का सही करणार हे घरात इतकं गृहीत धरलं होतं, की भाच्याने कागदावर तिच्या नावापुढे पेन्सिलीने फुली मारून जागासुद्धा दाखवून ठेवली होती. जन्मभर शाळेत रसायनशास्त्र शिकवलेल्या बाईला सही कुठे करायची ते कळणार नाही, असं वाटणाऱ्या मुलाला काय म्हणावं! अक्काने चष्मा लावून कागद पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, चष्मा काढला आणि कागदावर बिस्किटांची बशी ठेवली.

"मी आधी खाणीत जाऊन येणार," ती म्हणाली. "मग सहीचं बघू."

"अक्का, ठेकेदार दुपारी येतोय," भाऊ म्हणाला. तिघा भावंडांत हा शेंडेफळ, पण सगळ्या गावाने भाऊ भाऊ म्हणून त्याला पार थोरला करून टाकला होता.

"येऊ दे की. बशी इथेच ठेवते. त्यालाही होतील बिस्किटं."

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या मधलीच्या ओठांवर हसू आलं आणि तिथेच विरलं. मधली म्हणजे अक्काच्या पाठची बहीण. लग्न होऊन गेली ती जवळजवळ गेलीच. वडील वारले तेव्हासुद्धा अंगणातूनच परत फिरली होती. काल संध्याकाळच्या गाडीने आली, तीही खाण तिघांच्या नावावर असल्याने तिची सही लागणार होती म्हणून. आल्यापासून ती आणि भाऊ एकमेकांशी एक अक्षर बोलले नव्हते. भाऊला काही विचारायचं असेल तर तो भिंतीकडे बघून बोलायचा, आणि भिंतीच्या वतीने वहिनी, म्हणजे त्याची बायको, उत्तर द्यायची.

"आत्या, तुला खाणीत कशाला जायचंय?" भाचा म्हणाला. "गुडघे दुखतात म्हणून तू आमचा जिना चढत नाहीस."

"खाणीत जिना नाही. सरळ बोगदा आहे. तुझ्या पणजोबांनी माझ्या गुडघ्यांचा विचार करूनच खणलाय."

भाच्याने खुर्ची पुढे ओढली. मुलगा वाईट नव्हता. बाहेर पुलांच्या कामावर इंजिनिअर होता. तिथलं काम संपलं, तसा गावी परतला आणि आता इथेच काही तरी उभं करायचं म्हणून हट्टाला पेटला. हट्ट या घरात रक्तातूनच येतो, त्याला तो बिचारा काय करणार?

"हे बघ आत्या, खाण बंद आहे, मेलेली नाही. आतल्या खांबांत अजून तांबं आहे. आज प्रत्येक तारेला, प्रत्येक गाडीला तांबं लागतंय. थोडे खांब काढायचे, त्या जागी लोखंडी टेकू द्यायचे. मी सगळी आकडेमोड केली आहे."

"कुठले खांब?"

"ज्यात माल जास्त ते. ठेकेदाराचा माणूस आत जाऊन खुणा करून आलाय."

"तू बघितल्यास त्या खुणा?"

"मी त्याला नियम दिला. माल जास्त, तिथे खूण. बघायचं काय त्यात?"

इतका वेळ गप्प बसलेली वहिनी आता बोलली. "अक्का, पोरगा घरी आलाय. आता काही जमलं नाही तर पुन्हा जाईल लांब कुठेतरी. यांच्या दुकानातही आता गिऱ्हाईक राहिलेलं नाही. रागावू नका, पण तुमच्या मागे कोण आहे? तुम्हाला ते दगड ठेवून काय करायचंय?"

अक्काला ते लागलं. हे वाक्य तिने गावात पुष्कळ वेळा ऐकलं होतं, पण ज्या वहिनीबरोबर एका ओट्यावर इतका स्वयंपाक केला तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

"मागे कोणी नाही," ती म्हणाली. "खाणीच्या वर मात्र एक अख्खी आळी आहे. चला उठा. ज्यांच्या सह्या हव्यात तेही आणि ज्यांना सह्या हव्यात तेही."

भाऊ भिंतीला म्हणाला, "बाकीच्यांना तिथे कशाला न्यायचं?"

यावेळी वहिनीने तोंड उघडायच्या आत मधलीनेच उत्तर दिलं. "मी येणार. मी काय पाडलंय, ते एकदा बघू दे की मला."

भाऊ किल्ली आणायला उठला.

या खाणीच्या जन्माची गोष्ट घरातल्या प्रत्येक पोराने इतकी ऐकली होती, की झोपेतसुद्धा सांगतील. आजोबा विहीर खणत होते आणि पाण्याऐवजी हिरवा दगड लागला. आजीने शेवाळ समजून तो घासायला घेतला. राखेने घासला, काथ्याने घासला, पण हिरवा रंग जाईना, उलट आणखीच खुलला. "हा हट्टी दिसतो, आपल्याच घरातला असणार," असं आजी म्हणाली म्हणे. तो होता तांब्याचा वरचा पापुद्रा. हवा-पाणी लागून दगडातलं तांबं हिरवं पडतं, कुठे कुठे निळंही. खरा माल त्याच्याखाली खोल असतो, सोनामाखीचा, पितळेसारखा पिवळा चमकणारा दगड. त्याला सोनं समजून भले भले शहाणे वेडे झालेत. आजोबा वेडे झाले नाहीत. त्यांनी विहीर सोडून दिली आणि टेकडीच्या पायथ्यातून आडवा बोगदा घातला.

माल काढत पुढे जायचं तर डोक्यावरच्या छताला आधार लागतो. त्यासाठी मधे मधे दगडाचेच खांब न खणता सोडतात. ही झाली खाणीची रीत. आजोबांनी तिच्यात घरची भर घातली. घरात मूल जन्मलं, की एका खांबावर पांढऱ्या रंगाने त्याचं नाव लिहायचं, आणि त्या खांबाला कोणी छिन्नी लावायची नाही. मुलींना तर आजोबा सगळ्यांत श्रीमंत खांब शोधून देत, आणि आळीभर त्याचं कौतुक होई. लेकीवर माया करावी तर अशी! या मायेला एक शेपूट मात्र होतं. लेकीचं लग्न ठरलं, की तिचा खांब काढायचा आणि त्यातल्या मालावर लग्न लावून द्यायचं. लेक परक्याचं धन, मग तिचा खांब तरी घरात कशाला?

अक्काच्या दोन आत्यांचे खांब असे गेले. त्यांच्यामागून मधलीचा गेला. लग्न थाटात झालं आणि महिना उलटायच्या आत पश्चिमेकडचा सगळा भाग खाली बसला. धाकटे काका आत होते. ते पुन्हा बाहेर आले नाहीत. वर आळीतल्या शेवटच्या घराची जमीन कलली. त्या घरात चेंडू खाली ठेवला तर आजही तो आपण होऊन कोपऱ्यात जातो.

आता एकाच बाजूचे तीन खांब ओढून काढल्यावर छताने कोणाच्या भरवशावर उभं राहायचं? शाळेतलं पोर सांगेल. पण त्या दिवशी घरात कोणीतरी म्हणालं, पोरगी पांढऱ्या पायाची निघाली, आणि ते सगळ्यांना पटलं. स्वतःच्या रीतीला दोष देण्यापेक्षा ते सोपं होतं. काकांच्या खांद्यावर बसून वाढलेल्या भाऊला तर फारच पटलं. पूर्वेकडे काम चालूच राहिलं. भाऊला मुलगा झाला, मुलगी झाली, त्यांच्याही नावाचे खांब झाले. पुढे तांब्याचा भाव पडला, वडील थकले आणि खाण आपोआप बंद पडली.

बोगद्याकडे जाताना वरच्या आळीतून जावं लागे. कललेल्या घरातली बाई दोरीवर चादर टाकत होती.

"बाई, खाण चालू होतेय म्हणे?" तिने अक्काला विचारलं. "आमच्या ह्यांना काम मिळेल का हो?"

"बघते," अक्का म्हणाली. त्या घराच्या उंबऱ्याखाली नेमका कुठला खांब येतो, हे तिला ठाऊक होतं.

भाऊने लोखंडी दाराच्या कुलपात तेल सोडलं. भाच्याने पुलाच्या कामावरच्या पिवळ्या टोप्या वाटल्या. अक्काची टोपी तिच्या अंबाड्यावर बसेना. शेवटी तिने ती अंबाड्यापुढे कपाळावर ठेवली आणि कोणी हसायची हिंमत करतंय का ते बघून घेतलं. आत गारवा होता. विजेरीच्या उजेडात भिंतीवरचे हिरवे ओघळ चकाकत होते. थोडं पुढे डाव्या हाताला निळ्या पाण्याचं डबकं होतं, अगदी शाईसारखं निळं.

मधली तिथे थांबली. या पाण्यात तांबं विरघळलेलं असतं. लोखंडाचा खिळा टाकून ठेवला की त्याच्यावर तांबं चढतं. लहानपणी भाऊ घरातले खिळे चोरून इथे बुडवायचा आणि तांबूस झाले की बहिणींना एकेक देऊन खाऊ उकळायचा.

"एक आहे माझ्याकडे अजून," मधली म्हणाली. ती नेमकी कोणाला म्हणाली, कळलं नाही. भाऊ पुढे चालत राहिला, पण त्याची चाल मंदावली.

बोगदा जिथे रुंद होऊन पूर्व-पश्चिमेला फुटतो, त्या जागेला घरात चौक म्हणत. चौकाच्या मधोमध अक्काचा खांब होता, चार माणसांच्या कवेत मावणार नाही एवढा. आजोबांच्या हातची तिच्या नावाची अक्षरं पुसट झाली होती. त्या अक्षरांवरून लाल खडूची मोठी फुली गेली होती.

अक्काला हे अपेक्षितच होतं. तरी तिची विजेरी तिथून हलेना. आपल्या नावावर कोणी फुली मारलेली बघायला माणूस कितीही तयार असला तरी तयार नसतो.

वहिनीची विजेरी पुढे सरकली. शेजारचा खांब तिच्या लेकीचा. ती आता परमुलखात परिचारिका होती. लहानपणी रुसली की "मी चालले माझ्या खांबाकडे" म्हणून दप्तर उचलायची. तिच्याही नावावर लाल फुली होती. विजेरी आणखी पुढे गेली. भाऊचा खांब, फुली नाही. मुलाचा खांब, फुली नाही. विजेरी मागे आली आणि लेकीच्या नावावर थांबली.

"ही कोणी मारली?" वहिनीने विचारलं.

"ठेकेदाराच्या माणसाने. आई, सांगितलं ना, माल जास्त आहे तिथे..."

"तुझ्या खांबावर का नाही?"

"माझ्यात माल कमी आहे."

"ते बाकी खरं," अक्का म्हणाली.

मधली खळखळून हसली. वहिनी हसली नाही. ती मुलाकडे बघत होती, आणि इतका वेळ त्याच्या बाजूला उभी असलेली ती हळूच दोन पावलं सरकून लेकीच्या खांबाशी गेली.

"आई, मी मुद्दाम नाही केलं," भाच्याचा आवाज चढला. "मी कोणाचं नावसुद्धा घेतलं नव्हतं. योगायोग आहे हा."

"योगायोग नाही रे राजा," अक्का म्हणाली. वर्गातल्या हुशार पण उतावळ्या मुलाशी बोलावं, तशी ती बोलत होती. "पणजोबांनी लेकींना श्रीमंत खांब दिले, ते काढायचे होते म्हणूनच. मग 'माल जास्त तिथे खूण' म्हटलंस, की ती लेकींवरच पडणार. दुसरीकडे कुठे जाईल? आणि माल जिथे जाड, तिथेच खाण सगळ्यांत रुंद खणलेली. जिथे आधाराची गरज सगळ्यांत जास्त, नेमक्या तिथे लेकी उभ्या केल्या आणि मग एकेक करून काढून घेतल्या."

"पण लोखंडी टेकू..."

"टेकूचं नंतर. आधी माझ्या खांबाच्या कडेला बघ."

भाचा वाकला. खांबाच्या एका बाजूचे पापुद्रे सुटून खाली पडले होते. तुटलेल्या जागी पिवळी चमक अजून ताजी होती, तिच्यावर हिरवा रंग चढला नव्हता. वरपासून खालपर्यंत एक उभी भेग गेली होती. त्याने भेगेत बोटं घातली. मग टोपी काढून वर छताकडे बघितलं, पुन्हा घातली. एवढं त्याला येत होतं.

"हा दबतोय," तो शेवटी म्हणाला. "माझ्या नकाशात असं काही नाही."

"तुझ्या नकाशात पश्चिमेचे खांब आहेत?"

"आहेत. जुना नकाशा आहे तो." आणि मग त्याच्या लक्षात आलं. "म्हणजे त्यांचा सगळा भार... आत्या, तो तुझ्यावर आलाय."

"मग? कोणावर येणार? माझं लग्न झालं नाही म्हणून वरची आळी उभी आहे. आणि त्याच आळीतल्या बाया जन्मभर माझी कीव करत आल्या!"

हे बोलताना तिला हसू येत होतं आणि डोळेही भरून येत होते. स्थळं आली नव्हती असं नाही. एक तर तिला मनापासून आवडलंही होतं. पण मधलीच्या लग्नानंतर जे झालं ते बघून तिने वडिलांना सांगितलं होतं, की माझ्या खांबाला हात लावणार असाल तर मला लग्नच नको. वडील म्हणाले, खांबाशिवाय लेकीचं लग्न लावलं तर लोक काय म्हणतील? झालं, तिथेच तो विषय संपला.

वहिनी हाताने फुली पुसू लागली होती. ओल्या दगडावर खडू पसरत होता, हात लाल झाला, तरी ती पुसतच होती. "अक्का, मघाशी मी ते बोलायला नको होतं," ती पाठमोरीच म्हणाली.

"बोललीस ते बरंच झालं. राग आला की माझे गुडघे दुखायचे थांबतात."

"मग मी आता काय करू?" भाचा म्हणाला. त्याचा चेहरा पडला होता. "त्याला परत पाठवू? आणि नंतर? मी पुन्हा बॅग भरू?"

"बॅग कशाला? पूल बांधतोस ना? मग खांब बांध." अक्काने विजेरी पश्चिमेकडे वळवली. उजेड पडझडीच्या ढिगाऱ्यावर जाऊन थांबला. "हा दगड इथेच पडलाय. याचेच थर रचून छतापर्यंत न्यायचे. जुने लोक भर घालायचे, तसं. आळीतली माणसं कामाला लागतील, ती बाई मघाशी काम विचारतच होती. टेकडीखाली पोकळी आहे आणि वर माणसं राहतात, म्हणजे नगरपालिकेला खर्च उचलावाच लागेल."

"नगरपालिका ऐकणार आहे होय?"

"निम्मी नगरपालिका माझ्या वर्गात नापास झाली आहे. समोर जाऊन उभी राहिले तरी पुरे. काढायच्या कागदावर माझी सही नाही, आज नाही आणि कधीच नाही. भरायचा कागद घेऊन ये, लगेच करते. आणि फुली मारून जागा दाखवू नकोस."

"मीही तिथेच करीन," मधली म्हणाली.

उरला भाऊ. तो कधीचा ढिगाऱ्याच्या तोंडाशी जाऊन उभा होता. तिथे जमिनीपासून गुडघ्याएवढा एक बुंधा शिल्लक होता, मधलीच्या खांबाचा. झाडाच्या बुंध्यावर कुऱ्हाडीच्या खुणा राहतात, तशा त्याच्यावर छिन्नीच्या खुणा होत्या, सरळ, एकासारख्या एक. असं नेटकं काम या खाणीत एकाच माणसाचं होतं, वडिलांचं. भाऊने त्या खुणांवरून बोट फिरवलं. मधलीच्या पायांचा त्यांच्यात कुठेच ठसा नव्हता. अक्काला वाटलं, काही तरी बोलावं. पण तिने ओठ घट्ट मिटून घेतले, आणि तिच्यासारख्या बाईला हे किती जड गेलं असेल ते तीच जाणे.

भाऊने टोपी नीट केली. "छत ठोकून बघ रे," तो मुलाला म्हणाला.

भाच्याने लोखंडी पहार उचलली आणि बुंध्याच्या वरचं छत जागोजागी ठोकलं. सगळे कान देऊन ऐकत होते. आवाज भरीव आला, पोकळ नाही, म्हणजे इथलं छत पक्कं होतं.

भाऊ ढिगाऱ्यातला एक चपटा, रुंद दगड उचलायला वाकला. दगड हलला, उचलला जाईना. मुलगा पुढे धावला, तसं भाऊने मान हलवून त्याला थांबवलं. दगड गुडघ्याला टेकवून तो तसाच अर्धवट वाकून राहिला. मग त्याने मान वर केली, आणि भिंतीकडे न बघता बोलला.

"धर," तो मधलीला म्हणाला.

मधलीने विजेरी वहिनीच्या हातात दिली आणि दगडाचं दुसरं टोक धरलं. दोघांनी मिळून तो उचलला, चार पावलं नेला आणि तिच्या खांबाच्या बुंध्यावर टेकवला. एका बाजूने तो किंचित डगमगत होता. भाऊने खालून दगडाची बारीक चीप सारली, मधलीने वरून दाबून बघितलं.

"नीट बसवा रे," अक्का म्हणाली. "वर लोक राहतात."